बाराही सारखे



मी खेळाडू नाही, हे आधीच सांगून टाकतो. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझं एक लहानसं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एक वेल्डिंगचा सेट आणि काम करणारे आम्ही तिघं. पंपाचे बुश, मोटरीचे शाफ्ट, कडबाकुट्टीच्या पुली असली कामं आमच्याकडे येतात. अशा माणसाला धनुर्विद्येवर बोलायला बोलावलं, तेव्हा घरातही हसू झालं. पण नेम कसा धरावा हे मला सांगायचं नाही, ते मला येतही नाही. नेम धरण्याच्या आधी बाण मापाने कापावा लागतो. त्या कापण्याबद्दल, त्यासाठी केलेल्या यंत्राबद्दल आणि त्यात माझ्याकडून झालेल्या एका चुकीबद्दल मी बोलणार आहे.

आमच्या भागाला कापायच्या यंत्रांचं नावीन्य नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सुरुवातीला जी यंत्रं केली, त्यांत कडबा कापायचं यंत्र होतं. पुढे १९१० साली त्यांनी औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. माझे वडील तिथे फिटर होते. लहानपणी त्यांच्या तोंडून एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की त्याचा कंटाळा यायचा. ते म्हणायचे, "यंत्राला अक्कल नसते. तू जे सांगशील ते ते करणार, आणि चुकीचं सांगितलंस तर चुकीचंही तितक्याच इमानाने करणार." हे वाक्य मला कळलं, तेव्हा वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आता साताऱ्याकडे येतो. तिरंदाजी म्हटलं की पूर्वी आपल्याला रामायण-महाभारत आठवायचं. आज सातारा जिल्हा आठवतो. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचे प्रवीण जाधव टोकियो आणि पॅरिस अशा दोन ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळले. जुलै २०२३ मध्ये आयर्लंडमधल्या लिमरिकला साताऱ्याचा पार्थ साळुंखे युवा गटात जगज्जेता झाला. पाठोपाठ ऑगस्टमध्ये बर्लिनला शेरेवाडीच्या अदिती स्वामीने जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. अंतिम सामन्यात दीडशेपैकी एकशे एकोणपन्नास गुण. पंधरा बाणांपैकी चौदा बाण दहाच्या वर्तुळात आणि एक नऊच्या. पन्नास मीटरवरून ते दहाचं वर्तुळ केवढं असतं? आठ सेंटिमीटरचं. चहाच्या कपाच्या तोंडाएवढं म्हणा.

माझी धाकटी बहीण साताऱ्याजवळ दिली आहे. शेती आहे, ऊस असतो. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, शाळेत असतानाच तिरंदाजी शिकायला लागली. उसाच्या रानाला लागून एक मैदान आहे. तिथे एक सर दहा-पंधरा मुलांना शिकवतात. भाची रिकर्व्ह धनुष्य वापरते. धनुष्यांचे मुख्य दोन प्रकार असतात. ज्याला चाकं आणि पुलीसारखी योजना असते ते कंपाउंड, अदितीचं ते. आणि ज्याची दोन्ही टोकं पुढे वळलेली असतात ते रिकर्व्ह, पार्थचं आणि प्रवीण जाधवांचं ते. भाची आधी उसनं धनुष्य आणि जुने बाण वापरायची. दहावीच्या वर्षी तिच्या वडिलांनी उसाच्या दुसऱ्या हप्त्यातून तिच्यासाठी कार्बनच्या एक डझन नळ्या घेतल्या.

नळ्याच म्हणायचं, कारण चांगला बाण दुकानात तयार मिळत नाही. मिळते ती एक लांब, पोकळ, पेन्सिलीपेक्षाही बारीक नळी. तिच्या मागच्या टोकाला खोबणीचा प्लास्टिकचा तुकडा बसतो, त्याला नॉक म्हणतात. दोरी त्या खोबणीत अडकते. पुढच्या टोकाला पोलादी पॉइंट चिकटवतात. मागे तीन पिसं. पण त्याआधी प्रत्येकाच्या हाताच्या लांबीप्रमाणे, ओढीप्रमाणे ती नळी कापावी लागते. नेहमी ज्यांच्याकडून ही मुलं नळ्या कापून आणायची, ते गृहस्थ परगावी गेले होते. निवड चाचणी दहा दिवसांवर आलेली. बहिणीचा फोन आला, "दादा, तू एवढं लोखंड कापतोस, एवढ्या बारा काड्या कापून दे की."

मी म्हटलं, पाठव. त्यात काय.

श्रोते हो, 'त्यात काय' हे शब्द माझ्या धंद्यात फार महाग पडतात.

बाराही नळ्या, बारा पॉइंट, बारा नॉक आणि सरांच्या हातची एक चिठ्ठी असं पार्सल एसटीने आलं. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'लांबी साडेसव्वीस इंच'. माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर वीस वर्षांपासून एक पाटी आहे : 'जुना नग आणल्याशिवाय नवा नग करून मिळणार नाही.' गिऱ्हाईक तोंडी माप सांगतं, आपण ऐकतो, आणि नंतर दोघंही भांडत बसतो, म्हणून ती पाटी लावली. पण घरच्या कामाला पाटी कोण वाचतो? भाचीचा एखादा जुना बाण मागवून घेण्याचं माझ्या मनातही आलं नाही.

कार्बनची नळी करवतीने कापायची नसते, एवढं मला माहीत होतं. करवतीचे दात तिचे तंतू उचकटतात आणि तोंडाशी चिरफळ्या निघतात. पाइप कापायचं चाकाचं कटर लावलं तर नळी चेपते. तिला लागते ती वेगाने फिरणारी घासकापी चकती. मी हातातला छोटा ग्राइंडर शिकंज्यात पक्का बसवला. मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे, त्यावर एक मिलिमीटर जाडीची चकती. समोर लोखंडी अँगल उलटा ठेवून नळी टेकायला पन्हळ केली. मागे एक ठोकळा अडसर म्हणून लावला. नळी अडसराला टेकवायची, बोटांनी गोल फिरवत हळूच चकतीला भिडवायची. अर्ध्या तासात बाराही नळ्या कापून झाल्या. व्हर्नियरने उरलेले तुकडे तपासले, एकात दुसऱ्यात मिलिमीटरच्या दहाव्या भागाचाही फरक नव्हता. पोरांना म्हटलं, "बघा, याला म्हणतात काम." पॉइंट बसवले आणि रविवारी स्वतः एसटीने साताऱ्याला घेऊन गेलो. शाबासकी घ्यायला जावं ना माणसाने!

मैदानावर भाचीने पहिला बाण लावला आणि ओढला. ओढता ओढताच 'टक्' असा आवाज झाला. ती थांबली. धनुष्य खाली केलं. पुन्हा ओढला. पुन्हा मध्येच 'टक्'.

"मामा," ती म्हणाली, "आवाज आधीच येतोय."

तो आवाज कसला, हे सांगायला हवं. रिकर्व्ह धनुष्याला पुढच्या बाजूला धातूची एक पातळ पट्टी असते, तिला क्लिकर म्हणतात. बाण त्या पट्टीखालून ओढतात. ओढ पूर्ण झाली की बाणाचं टोक पट्टीखालून निसटतं, पट्टी 'टक्' करून धनुष्यावर आपटते आणि त्या क्षणी बाण सोडायचा. दर वेळी ओढ तेवढीच, न कमी न जास्त. या खेळाडूंचं सगळं अंग त्या आवाजाला बांधलेलं असतं. हात आणखी दोन सेंटिमीटर मागे जायचा आहे आणि आवाज आला, तर वर्षभराची सवय मोडते.

सरांनी बाण हातात घेतला, जुन्या बाणाशेजारी धरला आणि काही बोलले नाहीत. दोन्ही बाण माझ्यापुढे धरले. माझा बाण वीस मिलिमीटर आखूड होता.

चूक अशी होती. तिरंदाजीत बाणाची लांबी मोजतात ती नॉकच्या खोबणीच्या तळापासून नळीच्या पुढच्या कडेपर्यंत. पॉइंट त्यात धरत नाहीत. आणि मी पडलो टर्नर. नगाची लांबी म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं. मी पॉइंटसकट साडेसव्वीस इंच धरले. नळीबाहेर राहणारा पॉइंट वीस मिलिमीटरचा, तेवढी नळी आखूड झाली. एक नव्हे, बाराच्या बारा. माझं यंत्र चोख होतं. बाराही बाण सारखे होते, आणि बाराही सारखेच चुकलेले होते.

मी म्हटलं, "ती पट्टी जरा मागे घेता येणार नाही का?" सर म्हणाले, "थोडी येते. एवढी नाही." मग त्यांनी मला बाण जिथे टेकतो तो आधार दाखवला. त्याच्या खालीच धनुष्य धरलेला हात असतो. बाण फार आखूड झाला तर पूर्ण ओढीला त्याचं टोक आधाराच्या मागे येऊ शकतं. तिथून तो घसरला आणि दोरी सुटली, तर बाण निशाणाकडे जात नाही, हातात जातो. "मी पोरांच्या हाताशी खेळत नाही," एवढंच ते म्हणाले. मला घाम फुटला. तोवर ते माझ्या मनातही आलं नव्हतं. मी फक्त बारा काड्या कापल्या होत्या.

आणखीही एक गोष्ट होती. बाण सुटताना सरळ जात नाही, माशासारखा वळवळत निघतो. तो किती वाकतो हे त्याच्या ताठपणावर ठरतं. त्याला स्पाइन म्हणतात. नळी अठ्ठावीस इंचांच्या दोन टेकूंवर ठेवायची, मध्यभागी ८८० ग्रॅम वजन टांगायचं आणि ती किती वाकली ते मोजायचं. अर्धा इंच वाकली तर स्पाइन पाचशे. आकडा जितका लहान, बाण तितका ताठ. धनुष्याच्या जोराला साजेसा ताठपणा लागतो. आता हे गणित मात्र माझ्या ओळखीचं होतं, शाफ्टचं तेच असतं. दोन टेकूंवरची दांडी किती वाकणार, ते लांबीच्या घनाच्या प्रमाणात ठरतं. लांबी तीन टक्के कमी केली तर वाक सुमारे नऊ टक्के कमी होतो. म्हणजे वीस मिलिमीटरने बाण आखूडच झाला नाही, तो वेगळ्याच स्वभावाचा झाला. दुसऱ्या लहान मुलीला द्यावेत म्हटलं, तर तिच्या हलक्या धनुष्याला ते फारच ताठ पडत होते.

धनुष्यातून सुटलेला बाण आणि तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही म्हणतात. कापलेली नळीही परत येत नाही. लोखंडाला मी वेल्डिंग करून भर घालू शकतो. कार्बनला नाही.

निवड चाचणीला भाची जुन्या बाणांनीच उतरली. एका फेरीत सहा बाण मारायचे असतात, असे एकूण बहात्तर. तिच्याकडे धड असे पाचच जुने बाण होते, सहावा मैत्रिणीचा घेतला. तीन गुणांनी तिचं नाव यादीतून हुकलं. ते माझ्यामुळेच, असं कुणी म्हटलं नाही. बहीण म्हणाली, "जाऊ दे दादा, तू मुद्दाम केलंस का?" दाजींनी तर विषयही काढला नाही. पण उसाचा हप्ता म्हणजे काय असतो, हे मला कळतं. जेवताना भाची एवढंच म्हणाली, "मामा, पुढच्या वेळी मला विचार ना आधी." सोळा वर्षांची पोर. परतीच्या गाडीत कराड येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

नवा डझन मी घेतला, ते सांगायला नको. पण त्याआधी दोन महिने बसून मी कापायचं यंत्र नीट केलं. ते कसं केलं हे सांगतो, कारण आता सांगली-साताऱ्याकडची बरीच मुलं या खेळात येत आहेत आणि प्रत्येक गावात एखादा माझ्यासारखा मामा असणारच.

पाया म्हणून मीटरभर लांबीचं सी-चॅनल घेतलं, खाली रबर लावलं. ग्राइंडर त्यावर कायमचा बसवला, वरचं संरक्षक झाकण तसंच ठेवून. ते काढून काम करू नये, चकती फुटली तर तेच एक आडवं येतं. चकतीवर कमाल वेग छापलेला असतो, तो ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्तच हवा. मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख असते, तीही बघायची. चकती नळीला काटकोनात हवी. गुण्या लावून पाहिलं तर पहिल्या वेळी मी अंदाजाने बसवलेली चकती चक्क तिरकी होती.

पन्हळीऐवजी ६०८ नंबरचे बेअरिंग वापरले, मुलांच्या स्केट्सना असतात तेच. दोन-दोनच्या दोन जोड्या. नळी त्यांवर टेकली की बोटाने सहज आणि एकाच जागी फिरते. एक जोडी चकतीच्या अगदी जवळ, अंगठ्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर. नाही तर नळी थरथरते आणि कडा फाटते.

खरं काम अडसराचं. माझ्या पहिल्या अडसराला नळीचं टोक टेकत होतं. आता नॉक बसवून मगच कापायचं ठरवलं. अडसरावर दोरीच्या जाडीची एक पोलादी पाती लावली, नॉकची खोबण त्या पातीवर बसते. म्हणजे धनुष्यावर जिथून मोजतात, यंत्रावरही तिथूनच मोजलं जातं. नळी फिरवायची असते म्हणून ती पातीही एका बेअरिंगमध्ये बसवली, नळीबरोबर फिरते. अडसर पुढेमागे करायला सहा मिलिमीटरचा बोल्ट आणि त्यावर लॉकनट. त्या बोल्टचा आटा एक मिलिमीटरचा, त्यामुळे पाव फेरा फिरवला की पाव मिलिमीटर सरकतो.

माप पट्टीने लावायचं नाही. मी लेथवर पोलादाची एक कांडी केली, एका टोकाला नॉकसारखी खाच, लांबी बरोबर साडेसव्वीस इंच, म्हणजे ६७३ मिलिमीटर. शेजारच्या कारखान्यातून मोठं व्हर्नियर मागून ती तपासली. ग्राइंडरचा प्लग काढून ठेवायचा, कांडी पातीवर बसवायची, चकती हाताने फिरवत तिची अडसराकडची बाजू कांडीच्या टोकाला नुसती शिवेल इतका अडसर सरकवायचा, मग लॉकनट आवळायचा. चकतीची अडसराकडची बाजू म्हटलं, ते ध्यानात ठेवा. पलीकडच्या बाजूने माप धरलं तर चकतीच्या जाडीएवढी चूक तिथेच झाली.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या दिवशी एकच नळी कापायची, तीही एक सेंटिमीटर लांब ठेवून. पॉइंट तात्पुरता बसवायचा आणि बाण मैदानावर पाठवायचा. तिथे मुलीने तो नुसता ओढून धरायचा, सरांनी बाजूला उभं राहून बघायचं आणि नळीवर खूण करायची. खूण करून बाण परत येतो, मग अंतिम माप. त्या मापाने आधी तीच नळी कापायची, पुन्हा पाठवायची. सरांचा होकार आला की उरलेल्या अकरा. यात चार-पाच दिवस जातात. जाऊ देत.

सगळ्या नळ्या एका टोकानेच कापता येतात असंही नाही. काही महागड्या नळ्या मध्यावर जाड आणि टोकांकडे निमुळत्या असतात. त्या कुठल्या टोकाकडून आणि किती कापायच्या, हे कंपनीच्या कोष्टकात दिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय यंत्र चालू करायचं नाही.

कापताना नळी चकतीवर दाबायची नाही. चकती पातळ असते, दाबली की वाकते आणि काप तिरका जातो. नळी फिरवत फिरवत चारी बाजूंनी थोडं थोडं कापत आणायचं. कापल्यावर कडेला मार्करची शाई लावायची आणि बारीक पॉलिश पेपरवर ती सरळ धरून फिरवायची. शाई सगळीकडून सारखी गेली म्हणजे कड सपाट झाली. एका बाजूला शाई राहिली, तर पॉइंट तिरका बसणार आणि बाण डोलणार. आतून स्पिरिटच्या बोळ्याने भुकटी पुसून घ्यायची. पॉइंट चिकटवताना ज्योत नळीला लावायची नाही, पॉइंटच तापवायचा, तोही बेताने. उष्णतेने कार्बनमधला राळेसारखा चिकट पदार्थ कमजोर होतो. शेवटी सराफ कट्ट्यावर माझा एक मित्र आहे, त्याच्या सोन्याच्या काट्यावर बाराही बाण तोलून घेतो. तो दर वेळी विचारतो, "किती कॅरेटचे?"

भुकटीबद्दल थोडं. कार्बनची भुकटी काळी, मऊ आणि वाईट. अंगाला लागली की खाजते, फुप्फुसात जाऊ नये. ती वीजवाहकही असते, मोटरीत किंवा स्विचमध्ये गेली तर शॉर्ट होऊ शकतं. म्हणून फुंकर मारायची नाही, हवेचा झोत मारायचा नाही. चकतीजवळ व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड, नाकावर चांगला मास्क, डोळ्यांना गॉगल आणि नंतर ओल्या फडक्याने पुसणं. सैल बाही नको, ओढणी तर नकोच. भाची आता वर्कशॉपमध्ये आली की आधी ओढणी कमरेला गच्च बांधते आणि मग आत पाऊल टाकते.

एक गोष्ट तिनेच मला शिकवली. मारण्याआधी प्रत्येक बाण दोन्ही टोकांना धरून ती थोडा वाकवते, फिरवते आणि कानाशी नेते. बारीक करकर ऐकू आली की बाण मोडून टाकायचा. कार्बनला आत पडलेली चीर दिसत नाही, आणि असा बाण सुटताना फुटला तर हातात शिरतो. पैशाकडे बघायचं नाही.

बहिणीच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांना यंत्राचं सांगितलं तर ते म्हणाले, परदेशात बंदुकीच्या काडतुसांचंही असंच करतात. अमेरिकेत नेमबाजीचे शौकीन पितळेची रिकामी काडतुसं घरी पुन्हा भरतात. काडतूस उडालं आणि पुन्हा साच्यातून काढलं की पितळ ताणलं जाऊन त्याची मान लांबते. फार लांबली तर ती बंदुकीच्या नळीत पुढे अडते, गोळीला आवळते आणि दाब धोकादायक वाढतो. म्हणून मोटरवर चालणाऱ्या छोट्या यंत्राने ती मापाला छाटतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि फौजेत तर सरावानंतर रिकामी काडतुसंसुद्धा मोजून परत घेतात, असं सुभेदार म्हणाले. पण मला त्यातली एक गोष्ट पटली. तिकडेही मोटर फक्त वेग देते. माप देतो तो अडसर. आणि अडसर कुठे लावायचा, ते कुठल्याच मोटरीला माहीत नसतं.

मिरजेला सतार-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत माझं जाणं-येणं असतं. त्यांच्या खुंट्या फिरवायच्या एका यंत्राची दुरुस्ती मी केली होती. तिथल्या एका वृद्ध कारागिराला मी ही सगळी हकिकत सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "आम्ही भोपळा कापताना आधी वाजवणाऱ्याला बघतो. भोपळा नंतर." इतकी वर्षं मी नग बघत होतो. ज्याच्यासाठी नग करायचा, त्या माणसाला बघायचं राहून जात होतं.

पुढच्या वर्षी भाचीचं नाव यादीत आलं. ते माझ्या यंत्रामुळे आलं असं मी म्हणणार नाही. रोज पहाटे साडेपाचला उठून तीनशे-तीनशे बाण ती मारत होती, मी नाही. आता तिच्या मैदानावरच्या इतर मुलांच्या नळ्याही माझ्याकडे येतात. कापण्याचे पैसे मी घेत नाही, पण एक अट ठेवली आहे. नळ्यांबरोबर जुना बाण आलाच पाहिजे, आणि जमलं तर ते मूलही आलं पाहिजे.

आखूड झालेल्या त्या बारापैकी अकरा बाण मोडून टाकले, चुकून कुणी वापरू नयेत म्हणून. एक ठेवला आहे. त्याला लाल रंग दिला आणि भिंतीवरच्या त्या पाटीखाली दोन खिळ्यांवर आडवा ठेवला. नवीन गिऱ्हाईक आलं की विचारतं, "हा बाण इथे कशाला?" मी सांगतो, "नमुना आहे." आणि मग विचारतो, "जुना नग आणलाय ना?"